जुनी हार्मनी रॉकेट गिटार घ्यावी का? एफडी मोडण्याआधीचा हिशेब

प्रश्न : वय ३४, राहणार कासारवडवली, ठाणे. हातात पगार ८२,००० रुपये येतो. गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च ५५,००० आणि एसआयपी १०,०००. एफडी ३ लाखांची आहे. खारघरच्या एका गृहस्थांकडे साठच्या दशकातली दोन पिकअपची (तारांच्या कंपनाचा विजेचा संकेत करणारे भाग) हार्मनी रॉकेट १,४०,००० रुपयांना मिळते आहे. कारागिराने फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि वायरिंगचे २२,००० सांगितले आहेत. मालक म्हणतात, या गिटारींचे भाव वाढतच जाणार, ही गुंतवणूकच समजा. एफडी मोडू, की १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन घेऊ? की अमेरिकेतून स्वस्तात मागवू?

उत्तर : एफडी मोडू नका, कर्ज काढू नका आणि परदेशातून जुनी गिटार मागवायच्या फंदात पडू नका. गिटार घ्यायला माझा विरोध नाही. ती दहा महिन्यांनी, शिल्लक पैशांतून आणि आजच्यापेक्षा कमी भावात घ्यावी, असं माझं मत आहे.

आधी गुंतवणुकीचा दावा तपासू. किंमत १,४०,०००, दुरुस्ती २२,०००, हार्ड केस आणि दमटपणाच्या बंदोबस्ताचे ८,००० धरले, तर गिटार १,७०,००० ला पडते. पुढे दुकानात कमिशनवर विकायला ठेवलीत आणि दुकानदाराने १५ टक्के घेतले, तर नुसतं घातलेलं परत यायला ती २ लाखांना जायला हवी. हेच १,७०,००० साडेसहा टक्के वार्षिक चक्रवाढीने पाच वर्षं ठेवले तर साधारण २,३३,००० होतात. तेवढे हातात पडायचे तर गिटारीला २,७४,००० मिळाले पाहिजेत, म्हणजे तिचा भाव पाच वर्षं दरसाल १४ टक्क्यांहून जास्त वाढला पाहिजे. कर्ज काढलंत तर महिना ५,८१० चा हप्ता आणि तीन वर्षांत ३९,००० हून जास्त व्याज. मग घातलेले पैसे सुटायलाच २,४६,००० चं गिऱ्हाईक लागेल.

एवढा भाव चढेल यावर मी तुमची एफडी लावणार नाही. हार्मनी ही शिकागोची कंपनी, १८९२ ची. १९१६ मध्ये ती सिअर्स या कॅटलॉगवाल्या दुकानाने विकत घेतली, पुढे ती पुन्हा वेगळी झाली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यात बंद पडली. तोवर तिने प्रचंड संख्येने गिटार बनवल्या, त्यामुळे रॉकेट दुर्मिळ नाही. के, सिल्व्हरटोन, एअरलाइन, टाइस्को अशा जुन्या गिटारींच्या नावांचे भाव संख्येपेक्षा फॅशनवर हलतात. अमेरिकन गिटारवादक राय कूडरने आपल्या गिटारीत टाइस्कोचा गोल्ड फॉइल (वरून सोनेरी वर्ख दिसणारा) पिकअप बसवला आणि एके काळी फुटकळ समजला जाणारा तो पिकअप लोक शोधू लागले. रॉक गिटारवादक जॅक व्हाइटच्या हातात फायबरग्लासची एअरलाइन दिसली, तिला मागणी आली. २०२०-२१ च्या लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्यांनी गिटार घेतल्या, तेव्हा जुन्या मालालाही उठाव आला. ‘पाच वर्षांत वाढले’ या बोलण्यात तो काळ धरलेला असतो, हे लक्षात घ्या.

कमी नावाजलेल्या मेकरमध्ये पैसे घालताना खरी अडचण दुरुस्तीची असते. नेक, म्हणजे गिटारीची दांडी, काढून पुन्हा योग्य कोनात बसवायची मजुरी गिटारीवरचं नाव बघून ठरत नाही. मार्टिनसारख्या महागड्या गिटारीला जितके तास लागतात, जवळपास तितकेच हार्मनीला. मार्टिनच्या किमतीत तो खर्च भरून निघतो, हार्मनीच्या किमतीचा तो मोठा लचका तोडतो. त्यात मुंबई-ठाणे-पुण्यात जुनी गिटार विकायला काढली की गिऱ्हाईक फेंडर-गिब्सन विचारतं. रॉकेटला गिऱ्हाईक मिळेल, पण तुम्हाला पैशांची निकड असेल त्या आठवड्यात मिळेलच असं नाही.

म्हणून पैशांचं बोलण्याआधी खारघरला जाऊन गिटार नीट तपासा. दिवसाउजेडी जा. सोबत टॉर्च, छोटा आरसा, मिलिमीटरची पट्टी, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि मल्टिमीटर न्या. एफ-होलमधून, म्हणजे बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातून, आत टॉर्च मारा. हार्मनीत बहुधा एफ किंवा एस अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असा शिक्का असतो, आणि मॉडेलचा वेगळा शिक्का. दोन पिकअपची रॉकेट एच-५४, एकाची एच-५३, तिनाची एच-५९. आत मॉडेल एक आणि वर पिकअप भलतेच, तर कोणीतरी हात घातलाय. पोटेन्शिओमीटरच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) पाठीवर १३७ ने सुरू होणारा आकडा दिसला तर तो सीटीएस या कंपनीचा भाग. पुढचे दोन आकडे वर्ष, त्यापुढचे दोन आठवडा. १३७६५१२ म्हणजे १९६५ चा बारावा आठवडा. सोल्डर मूळचं असेल तर गिटार त्याआधीची असू शकत नाही.

मग नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक बॉडीला जिथे मिळते त्या फ्रेटवर जाडी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिला सरळ ठेवणारी कांब) पाव फेरा फिरवून फरक पडतो का ते मालकासमोरच बघा. रॉड जाम असेल तर जोर लावू नका, भाव पाडा. नंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. रॉकेटचा ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) चाकांवर वरखाली होतो. तो पूर्ण खाली आणूनही उंची ३ मिलिमीटरच्या वर राहिली, तर नेकचा कोन गेलाय. तुमच्या २२,००० च्या अंदाजात हे काम नाही, आणि तसं निघालं तर व्यवहार सोडून द्या. नेक आणि बॉडीच्या सांध्यात कागदाची कड शिरते का, तेही बघा.

पिकअपकडे विशेष लक्ष द्या. रॉकेटवर डीआर्मंड कंपनीचे गोल्ड फॉइल असतात आणि सुटे विकले तरी ते चांगले पैसे आणतात. त्यामुळे मूळचे काढून नकली बसवण्याचा मोह अनेकांना होतो. स्क्रूभोवती नवे ओरखडे आहेत का, जास्तीची भोकं बुजवली आहेत का, ते तपासा. जोडणी सोडवून मल्टिमीटरवर रेझिस्टन्स मोजला आणि काहीच दाखवलं नाही, तर कॉइलची तार तुटली आहे. ती पुन्हा गुंडाळता येते, पण मूळपणाची किंमत जाते. व्हॉल्यूमची करकर मात्र क्लीनरने जाते, तिच्यासाठी घाबरू नका.

तुमच्या घोडबंदर रोडला खाडीची हवा आणि चार महिने पावसाळा. जुन्या गिटारींचे सांधे सरसाचे असतात. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की सरस ढिला पडतो आणि तारांच्या ओढीने नेक पुढे येते. गिटार केसमध्ये ठेवा, आत हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) आणि दुतर्फा काम करणारी, म्हणजे ओल शोषणारी आणि गरजेला सोडणारी, आर्द्रतेची पाकिटं ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखा. साधं सिलिका जेल वापरलंत तर ते वेळोवेळी सुकवावं लागतं, नाहीतर काही दिवसांत त्याचा उपयोग संपतो. जुना पिकगार्ड (बॉडीला ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी) सेल्युलॉइडचा असेल आणि कडा आक्रसून वळल्यासारख्या झाल्या असतील, तर तो काढून वेगळा ठेवा. कुजणाऱ्या सेल्युलॉइडची वाफ बंद केसमध्ये आसपासच्या धातूला गंज चढवते.

रॉकेटवरच जीव जडला नसेल, तर वाजवण्यासाठी मी स्वीडनच्या हॅगस्ट्रॉमकडे बघेन. त्यांचा एच-आकाराचा ट्रस रॉड नेक सरळ ठेवण्यात वाकबगार आहे. जर्मनीच्या फ्रॅमसच्या अनेक पट्ट्या चिकटवून केलेल्या नेकही टिकाऊ असतात. डॅनइलेक्ट्रो मात्र हार्डबोर्डचं, आणि हार्डबोर्ड पाण्याने फुगतो. आपल्या हवेत मी ते सुचवणार नाही.

अमेरिकेतून मागवण्याबद्दल थोडक्यात. भारताच्या परकीय व्यापार धोरणात भांडवली मालाखेरीज वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित (रिस्ट्रिक्टेड) यादीत आहे. त्यासाठी डीजीएफटीचा, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचा, परवाना लागतो. शिवाय कस्टम ड्युटी मालाची किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर लागते, आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ती ड्युटी धरून झालेल्या रकमेवर. कुरिअरमधून ‘गिफ्ट’ म्हणून पाठवा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आता तुमचे पैसे. महिन्याला ५५,००० लागतात, म्हणजे सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी ३,३०,०००. तुमच्याकडे ३ लाख आहेत, आधीच ३०,००० कमी. एफडीतून १,७०,००० काढले तर उरलेले १,३०,००० अडीच महिनेही पुरणार नाहीत, आणि गृहकर्जाचा हप्ता थांबत नाही. एफडीवर ओव्हरड्राफ्ट पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतो खरा, पण तोच निधी बँकेकडे तारण राहतो. पगारातून तुमचे महिना १७,००० शिल्लक राहतात. पहिले दोन महिने ते एफडीला जोडा. पुढचे आठ महिने वेगळ्या आरडीत टाका, १,३६,००० होतील. एसआयपीला हात लावू नका.

त्यामुळे सगळं मिळून १,३५,००० ही तुमची मर्यादा. त्यातून दुरुस्ती आणि केसचे ३०,००० वजा करा. गिटारीसाठी १,०५,००० उरतात. हाच आकडा मालकांना कारागिराच्या अंदाजासह सांगा. त्यांनी ऑनलाइन मागितलेले भाव दाखवले तर तुम्ही प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या एच-५४ चे भाव दाखवा. मालक थांबले नाहीत, तर पुढच्या वर्षी दुसरी रॉकेट येईल. ती एवढी दुर्मिळ नाही.

करही समजून घ्या. स्वतः वाजवायला घेतलेली गिटार ही वैयक्तिक वापराची वस्तू. विकून फायदा झाला तर भांडवली नफ्याचा कर नाही, तोटा झाला तर तो कुठे वजाही होत नाही. मालक म्हणतात तशी केवळ नफ्यासाठी कपाटात ठेवलीत, तर ती भांडवली मालमत्ता ठरू शकते, आणि २४ महिन्यांनंतरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो.

घेतल्यावर पैसे बँकेतूनच द्या. पावतीवर मॉडेल, आतला शिक्का, पिकअप मूळचे असल्याचं मालकांचं विधान आणि त्यांची सही घ्या. आतून-बाहेरून फोटो काढा. घरातल्या सामानाच्या विमा पॉलिसीत गिटार नावानिशी आणि मूल्यांकनासह लिहून घ्या. दमटपणाने हळूहळू झालेलं नुकसान त्यात भरून मिळत नाही, आणि कार्यक्रमाला बाहेर नेलेली गिटार धरली जाते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.