दातांमागे किटण धरलंय, हिरड्यांतून रक्त येतं. लिंबू-सोडा चोळून घरीच निघेल का?

तुम्ही लिहिलंय, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळट कडक थर आहे, ब्रश करताना थुंकी लालसर होते, आणि 'क्लीनिंग केलं की दात हलतात' म्हणून आई जाऊ देत नाहीत. त्या स्वतः मिशरी लावतात.

लिंबू-सोड्याने निघणार नाही. दातावरचा मऊ, चिकट थर रोज काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसतं आणि एक-दोन दिवसांतच तो टणक व्हायला लागतो. जिभेखालच्या लाळग्रंथी खालच्या पुढच्या दातांमागेच उघडतात, म्हणून किटण तिथे जास्त. गालातल्या ग्रंथीची नळी वरच्या दाढांसमोर उघडते, तेव्हा त्या दाढांची बाहेरची बाजूही आरशात बघा. किटण विरघळेपर्यंत लिंबू चोळलंत तर एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरणही विरघळेल. किटण खरवडायला ऑनलाइन मिळणारे स्टीलचे आकडे (हुक) तर घेऊच नका. हात सटकला की हिरडी फाटते, आणि हिरडीखालचं किटण, म्हणजे खरं नुकसान करणारं, तसंच राहतं.

क्लीनिंगच्या, म्हणजे स्केलिंगच्या मशीनचं टोक सेकंदाला 25,000 पेक्षा जास्त वेळा थरथरतं, त्याने किटण तडकून सुटतं. पाणी मारतात ते टोक गार ठेवायला. यात दात सैल होत नाहीत. किटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणच दातांना एकमेकांत अडकवून धरतं. ते निघालं की फट आणि हालचाल जाणवते, एवढंच. पुढचे काही दिवस गार पाणी झोंबेल. दातांच्या डॉक्टरांना 'प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) दात आणि हिरडीमधल्या खाचेची खोली मोजा' असं स्पष्ट सांगा. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 4 किंवा जास्त, त्यात रक्तही येत असेल तर वरवरची सफाई पुरत नाही, मुळांपर्यंत खरवडावं लागतं. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची कृत्रिम झडप यांपैकी काही असेल तर आधीच सांगा.

बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ, दोन्ही संस्थांची दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या ओपीडीत हिरड्यांचा विभाग विचारा. विद्यार्थी काम करतात, वेळ जास्त लागतो, पण वर शिक्षक असतात.

रक्त येतं म्हणून ब्रश हलका किंवा बंद करू नका, लोक नेमकं हेच करतात. सॉफ्ट ब्रश हिरडीच्या कडेवर 45 अंशांत तिरका टेकवा, केस कडेत शिरू द्या, जागच्या जागी बारीक हलवा, मग दाताच्या टोकाकडे झटका. खालच्या पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरा. दोन मिनिटं, दोन वेळा. रात्रीची वेळ चुकवू नका. पेस्टमध्ये 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइड हवं. फटी असतील तिथे फटींचा छोटा ब्रश, दात घट्ट लागलेले असतील तिथे फ्लॉस. केस विस्कटले की ब्रश बदला. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) 0.2 टक्के दिलं तर 10 मिली घेऊन अर्धा ते एक मिनिट चूळ, तेही पेस्टनंतर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधला फेस त्याचा असर कमी करतो. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढेच दिवस, नाहीतर दात तपकिरी होतात. मूळ किटण असेपर्यंत नुसत्या चुळा भरून काही होत नाही.

आता मिशरी. निपाणी तंबाखूचं गाव, त्यामुळे आपल्याकडे ती घराघरांत शिरली. 'मिशरीने हिरड्या घट्ट होतात, रक्त येत नाही' असं म्हणतात. रक्त कमी दिसू शकतं, पण ते निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. आतला आजार चालूच असतो. शिवाय बोटाने घासून हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. आईंचा ओठ आणि गाल आतून उजेडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर त्यांची तपासणी तुमच्या क्लीनिंगच्याही आधी.