'नॉनडिफ्रॅक्टिंग बीम'ला 'अविवर्तित किरण' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की लेझरच्या 'नॉनडिफ्रॅक्टिंग बीम'ला, म्हणजे पुढे जाताना न पसरणाऱ्या प्रकाशाला, मराठीत 'अविवर्तित किरण' म्हटलं तर चालेल का. डिफ्रॅक्शनला, म्हणजे फटीतून किंवा कडेजवळून जाताना लहर वळून पसरते त्याला, विवर्तन हा शब्द चांगला रुळलेला आहे, तेवढं बरोबरच, पण 'अविवर्तित' मी नाही म्हणणार आणि 'किरण' तर नकोच.

आधी किरणाचं बघू. बीम म्हणजे एक किरण नाही, किरणांची जुडी, आणि तिला आपल्याकडे झोत आणि शलाका असे दोन शब्द आहेत. बॅटरीचा झोत म्हटलं की पुढे पुढे रुंद होत जाणारा उजेड डोळ्यासमोर येतो, आणि इथे तर नेमकं तेच होत नाही असं सांगायचंय! शलाका म्हणजे सळी, डोळ्यात अंजन घालायची असते तशी, शेवटपर्यंत सारख्याच जाडीची. मला हाच शब्द आवडतो.

आता त्या 'इत'चं. अविवर्तित म्हणजे ज्याचं विवर्तन झालेलंच नाही, आणि गंमत म्हणजे असा प्रकाश या प्रयोगांत खरोखर असतो, फक्त तो कुणालाच नको असतो. एसएलएम नावाचं उपकरण असतं, लिक्विड क्रिस्टलचा छोटासा पडदा, त्याचा प्रत्येक पिक्सेल आपल्यावर पडलेली प्रकाशलहर आपण सांगू तेवढी मागे ठेवतो, म्हणजे कॉम्प्युटरवरून नुसतं करड्या छटांचं चित्र पाठवायचं, एकात एक वर्तुळांचं पाठवलं की पडदा शंकूसारख्या भिंगाचं काम करतो आणि बेसेल शलाका (न पसरणाऱ्या शलाकेचाच एक प्रकार) तयार, चित्र बदललं की शलाका बदलली, काच घासत बसायला नको. पण पिक्सेलांमधल्या फटींवर पडलेला वगैरे थोडा प्रकाश चित्राला न जुमानता तसाच परत येतो आणि मधोमध ठिपका पडतो. तो खरा अविवर्तित. म्हणून तर चित्रात रेघांची जाळी मिसळून हवा तो प्रकाश बाजूला वळवून घेतात.

म्हणजे जी शलाका हवीय ती विवर्तन होऊनच मिळते. चहूबाजूंनी शंकूसारख्या तिरक्या येणाऱ्या लहरी मधल्या रेषेवर एकमेकींना भेटत राहतात म्हणून मधला ठिपका पसरत नाही. 1987 साली रोचेस्टर विद्यापीठात डर्निन आणि सहकाऱ्यांनी गोल फट आणि भिंग वापरून हे दाखवलं, ठिपक्याची त्रिज्या साधारण 59 मायक्रोमीटर आणि तो टिकणार जवळजवळ 85 सेंटिमीटर. तेवढीच बारीक साधी लेझर शलाका दोनेक सेंटिमीटरमध्येच पसरायला लागते.

'इत' काढून 'ई' लावला, अविवर्ती, तर निदान स्वभाव सांगितल्यासारखं होतं, जसं अविनाशी. पण माझं मत 'अनपसारी शलाका'ला. शाळेत अंतर्गोल भिंगाला अपसारी म्हणतात, त्यामुळे अपसारी म्हणजे पसरवणारं हे पोरांना आधीच माहीत असतं, आणि विवर्तन होतं की नाही या भानगडीत हा शब्द पडतच नाही. पुढे स्वर आला म्हणून 'अ' चा 'अन' झाला, एवढंच. बोलताना सरळ 'न पसरणारी शलाका' म्हणा.

एअरी बीमला मात्र माझी शलाका अडते. 2007 मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात एसएलएम वापरूनच ती दाखवली, ती पण पसरत नाही, पण तिचा मुख्य ठिपका फेकलेल्या चेंडूसारखा अन्वस्तावरून वळत जातो. सळी अशी वळत जात नाही, तिथे मी 'एअरी झोत'च म्हणेन.