पोर्टिंगची घाई नको, भावा

यामाहाची आरएक्स १०० बाईक घेतलीस, एक नंबर! पण पहिल्याच आठवड्यात पोर्टिंग (सिलेंडरची भोकं घासून मोठी करणं) आणि एक्सपान्शन सायलेन्सर (ताकद वाढवणारा फुगीर सायलेन्सर)? जरा दम धर. ९८ सीसीचं, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, ताकद ११ हॉर्सपॉवर. ताकद वाढवलीस की उष्णता वाढते, इंजिन थंड करणाऱ्या फिन (बाहेरच्या पट्ट्या) मात्र तेवढ्याच राहतात.

मीही हा नाद केलाय. सायलेन्सर बदलला, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) जुनाच ठेवला. मिश्रण पातळ झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि कोल्हापूरजवळ ज्योतिबाच्या चढाला पिस्टन जाम. मागचं चाक किंचाळत घासलं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून वाचलो. कोल्हापुरात उद्यमनगरात सिलेंडर बोअर करून (आतून घासून) नवा पिस्टन टाकला, सायलेन्सरच्या दुप्पट पैसे गेले.

आत्ता एवढंच कर:
- क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) ऑइल सील बदल. वाळलेल्या सीलमधनं हवा शिरली की पुन्हा तेच दुखणं.
- कार्ब्युरेटर साफ, टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) चांगलं.
- ब्रेक लायनर आणि टायर. (यावर कुणी खर्च करत नाही, आवाजावर करतात!)

लांब फेरी मारून आलास की स्पार्क प्लग काढून बघ. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर बेस्ट. पांढराफटक दिसला तर मिश्रण पातळ असू शकतं, गाडी पिळू नकोस, आधी मिस्त्रीला दाखव.

पोर्टिंगचं हजारभर किलोमीटर झाल्यावर बोलू.