मिंट टाकताना मोकळी जागा ‘अनयुजेबल’ दाखवतंय, काय करायचं

तुमचा प्रॉब्लेम मला समजला तो असा, की लॅपटॉप विंडोज ७ च्या काळातला, त्यावरच नंतर विंडोज १० अपग्रेड केलेलं, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला म्हणून आता शेजारी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकटातली ऑपरेटिंग सिस्टम) टाकायचंय, त्यासाठी डी ड्राइव्ह श्रिंक म्हणजे लहान करून ८० जीबी मोकळी केली आणि इन्स्टॉलर नेमका त्याच ८० जीबीसमोर ‘अनयुजेबल’ लिहून बसलाय. आणि दुकानवाला म्हणतो सगळं फॉरमॅट मारावं लागेल. काही गरज नाही. डिस्क पण खराब नाहीये, घाबरू नका.

तुमच्या डिस्कवर जुन्या पद्धतीचं एमबीआर टेबल आहे, म्हणजे डिस्कचे पार्टिशन (भाग) कुठे आहेत त्याची यादी. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले ४४६ बाइट बूट कोड वगैरेला जातात, शेवटचे २ सहीचे, मध्ये उरले ६४ आणि एका पार्टिशनच्या नोंदीला लागतात १६. म्हणजे चारच नोंदी. सातबाऱ्यावर चारच नावं मावतील एवढीच जागा असेल तर जमीन कितीही पडून असली तरी पाचवं नाव लागणार कुठे? तुमच्याकडे सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि शेवटी लॅपटॉप कंपनीचं रिकव्हरी असे चार प्रायमरी (थेट या यादीत नोंद असलेले) पार्टिशन आधीच आहेत, झाला कोटा फुल. तुम्हाला जागा कमी पडत नाहीये, नोंद कमी पडतेय, त्यामुळे डी अजून श्रिंक करून ८० चे १२० जीबी केले तरी इन्स्टॉलर तेच म्हणणार.

आता आधी एक गोष्ट चेक करा आणि ही खरंच महत्त्वाची आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या मोकळ्या जागेवर न्यू सिम्पल व्हॉल्यूम करायचा प्रयत्न केला होता का? चार प्रायमरी असताना तसं केलं की विंडोज विचारतं, डिस्क डायनॅमिक करू का (म्हणजे विंडोजच्याच वेगळ्या पद्धतीने मांडू का), आणि आपण सवयीने येस दाबतो. डावीकडे डिस्क झीरोच्या खाली बेसिक लिहिलंय की डायनॅमिक ते बघा. बेसिक असेल तर पुढे वाचा. डायनॅमिक झाली असेल तर इथेच थांबा, कारण मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या टूलने परत बेसिक करायची तर सगळे व्हॉल्यूम उडवावे लागतात. मग आधी पूर्ण डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा आणि नंतरच पुढचा विचार.

बेसिक आहे असं धरून चालतो. मी तुमच्या जागी असतो तर कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन उडवलं असतं. त्यात विंडोज ७ ची फॅक्टरी इमेज आहे, तिचा आता २०२० पासून सपोर्ट नसलेली सिस्टम परत आणण्यापलीकडे उपयोग काय? फक्त उडवायच्या आधी ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून रीएजंटसी, स्पेस, स्लॅश इन्फो चालवा. विंडोज १० चं दुरुस्तीचं एन्व्हायर्नमेंट कुठल्या पार्टिशनवर आहे ते तिथे कळतं. ते नेमकं याच पार्टिशनवर निघालं तर स्लॅश डिसेबल चालवा, म्हणजे त्याची फाइल सी मध्ये परत येते, आणि पार्टिशन उडवून झालं की स्लॅश इनेबल.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक केल्यावर रिकव्हरीसाठी डिलीटचा ऑप्शन बऱ्याचदा येतच नाही, त्यावर डोकं आपटू नका. मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाईव्ह बूट करा, म्हणजे इन्स्टॉल न करता मिंट तिथूनच चालवा, तिथे जीपार्टेड हे पार्टिशन करायचं टूल असतंच. पण त्याआधी विंडोजमध्ये पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ एवढं चालवून नीट शटडाउन करा. याने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतं. नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही, मग लोक म्हणतात मिंट खराब आहे.

जीपार्टेडमध्ये रिकव्हरी डिलीट, मग मोकळ्या झालेल्या सलग जागेत एक एक्स्टेंडेड पार्टिशन, आणि त्याच्या पोटात लॉजिकल, म्हणजे आतलं पार्टिशन. एक्स्टेंडेड हे चौथी नोंद खातं पण त्याच्या आत तुम्ही पाच करा दहा करा, कोणी विचारत नाही. अप्लाय दाबेपर्यंत काहीच खरं घडत नसतं, म्हणून दाबायच्या आधी साइज बघून खात्री करा की सिस्टम रिझर्व्ह्डला हात लागलेला नाही. ते १०० एमबीचं चिमुकलं दिसतं आणि लोकांना वाटतं फालतू आहे, उडवा, पण विंडोज सुरूच तिथून होतं. काही लॅपटॉपमध्ये रिकव्हरी डिस्कच्या सुरुवातीला असतं, तुमचं तसं असेल तरी चालेल, त्याची जागा तिकडे एकटी पडून राहील पण नोंद सुटते आणि आपल्याला तीच हवी होती.

रिकव्हरी ठेवायचंच असेल तर दुसरा रस्ता म्हणजे डी चा डेटा बाहेर काढा, डी उडवा, आणि त्या सगळ्या जागेत एक्स्टेंडेड करून आत डी आणि मिंट दोन्ही लॉजिकल बनवा. चालतं, पण कॉपी करण्यात दिवस जातो. काहीही निवडा, फोटो आणि कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय सुरू करू नका, मध्येच लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असली तर कोणीच काही करू शकत नाही.

तुमच्या मित्राने डिस्क जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी टेबल पद्धत) मध्ये कन्व्हर्ट करायचं सुचवलंय ते इथे जमणार नाही. विंडोजचं एमबीआरटूजीपीटी टूल चांगलं आहे, १७०३ व्हर्जनपासून आत येतंच, पण त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालतात आणि तुमच्याकडे चार, त्यामुळे व्हॅलिडेशनलाच नापास. शिवाय कन्व्हर्ट झाल्यावर विंडोज यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) मोडमध्येच बूट होतं आणि त्या वयाच्या लॅपटॉपमध्ये ते असेलच असं नाही. आणि डिस्कपार्टमधलं क्लीन तर अजिबात नको, ते आख्खं टेबल पुसतं.

पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दोनदा दिसू शकतो, एक यूईएफआय लिहिलेला आणि एक साधा. तुम्ही साधा घ्या, कारण तुमचं विंडोज लिगसी म्हणजे जुन्या बायोस मोडमध्ये आहे (सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड बघून घ्या) आणि दोन्ही एकाच मोडमध्ये असली तरच ग्रबच्या (सुरू होताना कुठली सिस्टम हवी ते विचारणारा मिंटचा बूटलोडर) मेन्यूत सुखाने नांदतात. इन्स्टॉलरमध्ये समथिंग एल्स निवडा, लॉजिकल पार्टिशनवर ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) आणि माउंट पॉइंट फक्त स्लॅश. लॉजिकलचे नंबर ५ पासून सुरू होतात, म्हणजे एसडीए५ वगैरे दिसेल (एसडीए म्हणजे आख्खी डिस्क, पुढचा आकडा पार्टिशनचा), मधला नंबर कुठे गेला म्हणून शोधत बसू नका. एनटीएफएस वाल्यांसमोर, म्हणजे विंडोजच्या पार्टिशनसमोर, फॉरमॅटची टिक नको. वेगळं स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) पार्टिशन करायची गरज नाही, फाइल बनते. खाली बूटलोडर कुठे टाकायचा विचारतो तिथे नुसतं एसडीए ठेवा, एसडीए५ नाही.

पहिल्या बूटला मेन्यूत विंडोज दिसलं नाही तर टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब चालवून बघा. आणि विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर सेल गेला म्हणून दुकानात जाऊ नका, लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज तीच लोकल वेळ समजतं, मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, १ एवढं एकदा चालवा, मग विंडोजमध्ये वेळ सिंक करून घ्या.