‘लवकर आंतरराष्ट्रीयीकरण’ की ‘उपजत आंतरराष्ट्रीय’?

प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून आला आहे. तिथली एक नवी शेतकरी उत्पादक कंपनी वायगाव हळदीची पूड पहिल्याच हंगामापासून परदेशी विकायचं म्हणते. सल्लागाराने प्रस्तावात ‘कंपनीचे लवकर आंतरराष्ट्रीयीकरण’ असं लिहून दिलं. एका संचालकाने त्याऐवजी ‘जन्मजात जागतिक’ सुचवलं. यातलं बरोबर कोणतं, आणि सभेत सगळ्यांना कळेल असा शब्द आहे का?

माझं मत, दोन्ही टाळावेत.

‘आंतर’बद्दल तक्रार नाही. सोयाबीनच्या चार तासांनंतर (ओळींनंतर) तुरीचे दोन तास धरले की त्याला आपण आंतरपीक म्हणतो. ओळी-ओळींच्या मधलं ते आंतरपीक, तसं राष्ट्रा-राष्ट्रांच्या मधलं ते आंतरराष्ट्रीय. शब्द नेहमीच्या वापरातला आहे.

अडचण शेवटच्या ‘ईकरण’ची आहे. संस्कृत व्याकरणात यातल्या ‘ई’ला च्वि प्रत्यय म्हणतात आणि त्याचा अर्थ सांगतात ‘अभूततद्भाव’, म्हणजे जे तसं नव्हतं ते तसं होणं. शुद्धीकरण होतं ते अशुद्धाचं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, कारण तोवर त्या खासगी होत्या. तेव्हा आंतरराष्ट्रीयीकरण त्याच कंपनीचं होईल, जी आधी गावच्या, जिल्ह्याच्या, देशाच्या बाजारात रुळली आणि मग बाहेर पडली. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या योहानसन आणि वाल्ने या अभ्यासकांनी १९७७ मध्ये नेमकी हीच चाल मांडली: आधी अधूनमधून माल पाठवायचा, मग तिथे एजंट नेमायचा, मग स्वतःची विक्री कंपनी काढायची आणि शेवटी कारखाना. तोही ओळखीच्या, जवळच्या देशांपासून सुरुवात करून. या चालीला ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ चपखल बसतं. तुमची कंपनी पहिल्याच हंगामात बाहेर विकणार असेल तर ‘आधी नव्हती’ हा भागच गळतो. (लिहायचाच झाला तर ‘यी’ गाळू नका. ‘आंतरराष्ट्रीकरण’ चूक.)

‘लवकर’चेही दोन अर्थ होतात. ‘लवकर ये’ म्हणताना आपण घाई सांगतो आणि ‘लवकर लग्न झालं’ म्हणताना वय. नव्या कंपन्यांच्या चर्चेत या दोन गोष्टी निराळ्या मोजतात. नोंदणीनंतर किती वर्षांनी पहिला माल बाहेर गेला, ही एक. त्यानंतर परदेशी विक्री किती वेगाने वाढली, ही दुसरी. पहिल्या वर्षी एक खेप पाठवून पाच वर्षं तिथेच थांबलेली कंपनी पहिल्या मापाने लवकर आणि दुसऱ्या मापाने संथ. प्रस्ताव वाचणाऱ्याला कोणतं लवकर ते कळत नाही.

‘जन्मजात जागतिक’ हे इंग्रजीतल्या ‘बॉर्न ग्लोबल’चं शब्दाला शब्द भाषांतर. तो प्रयोग १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या निर्यातदार कारखान्यांच्या एका अभ्यासातून रूढ झाला. मराठीत ‘जन्मजात’ म्हटलं की आधी व्यंग किंवा आजार आठवतो. आणि ‘जागतिक’ फार मोठं होतं. अशा बहुतेक कंपन्या मोजक्याच देशांत विकतात. १९९४ मध्ये ओव्हियट आणि मॅकडूगल या अभ्यासकांनी म्हणूनच की काय, ‘आंतरराष्ट्रीय नवउद्यम’ अशा अर्थाचा मोजका शब्द घेतला.

सुरुवातीपासूनच बाहेर विकण्याचा हा प्रकार छोट्या अर्थव्यवस्थांत जास्त का दिसतो, ते वर्ध्यात बसून चांगलं समजतं. एस्टोनिया देशाची लोकसंख्या तेरा लाखांच्या घरात आहे, म्हणजे साधारण वर्धा जिल्ह्याएवढी. फक्त वर्धा जिल्ह्यात विकायचं ठरवून कोणी सॉफ्टवेअर तयार केलं, तर ते लिहिण्याचा खर्च निघेल का? स्काइपचं काम त्या देशाच्या टालिन शहरात झालं आणि २००३ मध्ये ते आलं ते सगळ्या देशांसाठीच. इथे ‘छोटी’ म्हणजे गरीब नव्हे, घरचं गिऱ्हाईक थोडं. तुमची गोष्ट तशी नाही. तुम्हाला नागपूर, पुणे, हैदराबाद मोकळं आहे, तेही त्याच रुपयात आणि त्याच जीएसटीत. बाहेर जाणं ही तुमची निवड आहे, नाइलाज नाही. म्हणून जिल्ह्याबाहेर पण देशातच होणाऱ्या विक्रीला प्रस्तावात यातला कोणताही शब्द लावू नका.

मी सुचवेन तो शब्द ‘उपजत’. उपजणे हे संस्कृत ‘उत्पद्यते’वरून प्राकृतातून आलेलं. बाजार समितीच्या पाटीवरचं ‘उत्पन्न’ त्याच धातूचं. उपजत बुद्धी, उपजत गळा हे सगळ्यांच्या तोंडी आहेच, आणि त्यात ‘ईकरण’ची अडचण नाही. परदेशात शाखा, भागीदार, कर्मचारी असतील तर ‘उपजत आंतरराष्ट्रीय कंपनी’. नुसता माल जाणार असेल तर ‘उपजत निर्यातदार’. तुमच्यासाठी दुसरा.

‘निर्यात’ मात्र जपून वापरा. निर्यातक्षम म्हणजे माल त्या प्रतीचा आहे, गेलेला असेलच असं नाही. निर्यातप्रधान म्हणजे विक्रीचा मोठा भाग बाहेर. तुमची हळद मुंबईच्या व्यापाऱ्याने घेऊन त्याच्या नावाच्या शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्यात भरायच्या कागदावर) पाठवली, तर निर्यातदार तो आणि तुमची ती अप्रत्यक्ष निर्यात. थेट निर्यातीला कंपनीचा स्वतःचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदार म्हणून मिळणारा क्रमांक, लागतो (शुल्क ५०० रुपये, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अद्ययावत केला नाही तर निष्क्रिय होतो). हळदीसाठी मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणीही हवी. हे दोन्ही हाती नसताना ‘निर्यातदार’ लिहिलं, तर छाननीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

प्रस्तावात असं लिहा: ‘कंपनी पहिल्या हंगामापासून हळद पुडीची थेट निर्यात करणार असून तिसऱ्या वर्षाअखेर एकूण विक्रीच्या किमान २५ टक्के विक्री परदेशात करण्याचे उद्दिष्ट आहे.’ तीन वर्षं आणि २५ टक्के हे या विषयातलं नेहमीचं माप आहे. ‘परदेशात’च्या जागी देशांची नावं घाला.