कानाच्या ऑपरेशननंतर तोंडाची चव का बदलते, आणि मेंदूला उजेड कुठला, आवाज कुठला हे कसं कळतं

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे आईंच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जिभेच्या एका बाजूला लोखंड चोखल्यासारखी चव येतेय, तर कानाचा आणि चवीचा काय संबंध. आणि दुसरं, तुमच्या मुलाने वाचलंय की डोळा, कान, जीभ सगळीकडून मेंदूत विजेचे सिग्नलच जातात, मग मेंदूला हा उजेड आणि हा आवाज हे कळतं कसं. मी बरीच वर्षं मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं ते, शिकवतेय, आणि या दोन्हींचं उत्तर वाटांमध्ये आहे, म्हणजे कुठली नस कुठून निघते आणि मेंदूत कुठे पोचते यात.

आधी आईंचं, कारण तुम्ही काळजीत आहात. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव नेणारी एक बारीकशी नस आहे, कॉर्डा टिंपनी, ती मेंदूकडे जाताना चक्क मधल्या कानातून जाते, पडद्याच्या अगदी मागून, हातोडी आणि ऐरण या दोन हाडांच्या मधून. पडदा उचलून काम करताना ती सर्जनच्या समोरच येते आणि कितीही जपलं तरी ताणली जाऊ शकते, कधी वाट करायला कापावीही लागते. मग त्या बाजूच्या जिभेला चव कमी लागते नाहीतर धातूसारखी लागते, जीभ स्वतः ठणठणीत असली तरी. बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरं वाटायला लागतं. पुढच्या तपासणीला ईएनटी डॉक्टरांना हे नक्की सांगा. मात्र चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा वाटला, डोळा नीट मिटेना किंवा जोरात चक्कर यायला लागली तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा, कारण चेहरा हलवणारी नसही तिथूनच जाते.

आता मुलाचा प्रश्न, जो मला मनापासून आवडला. नसेतला सिग्नल म्हणजे सोडियम-पोटॅशियमचे आयन (विजेचा भार असलेले कण) पेशीच्या आवरणातून आत-बाहेर झाल्यामुळे पुढे सरकणारी लाट, एकेक ठोका साधारण एक मिलिसेकंदाचा, आणि डोळ्याच्या नसेतला ठोका कानाच्या नसेतल्या ठोक्याशेजारी ठेवला तर कुठला कुणाचा हे मलाही सांगता येणार नाही. सोसायटीच्या गेटवर इंटरकॉम असतो ना, बेल सगळ्या फ्लॅटची सारखीच वाजते पण कुठला दिवा लागला त्यावरून वॉचमनला कळतं फोन कुणाचा, तसंच निरोप कुठल्या नसेवरून आला यावरून मेंदूला कळतं. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने 19व्या शतकातच ही गोष्ट मांडली होती.

मुलाला करून बघू दे. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटायचे, नजर नाकाकडे वळवायची आणि कानाच्या बाजूच्या कोपऱ्यात पापणीवरून बोटाने अगदी हलकं दाबायचं. नाकाच्या बाजूला एक फिकट गोल चकाकी दिसते. उजेड तर कुठेच नाही, बोटाचा दाब आहे, पण निरोप डोळ्याच्या नसेवरून गेला म्हणून मेंदू त्याला उजेडच म्हणतो. आणि दाबलं एका बाजूला, दिसलं दुसऱ्या बाजूला, कारण रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, चित्र उलटंच पडतं आणि मेंदू तोच हिशोब लावून बसलेला असतो. (डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, काचबिंदू किंवा मोठा मायनस नंबर असलेल्यांनी हे करू नये.)

पण वाट म्हणजे नुसती वायर नाही, वाटेत खूप काम होतं. रेटिनात प्रकाश टिपणाऱ्या पेशी साधारण 12 कोटी, आणि डोळ्यातून बाहेर पडणारे तंतू जेमतेम 10-12 लाख, म्हणजे निवडानिवड डोळ्यातच सुरू होते. तिथून थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागातलं निरोप पुढे पाठवणारं ठाणं), मग डोक्याच्या मागचा भाग, जिथल्या काही पेशी फक्त आडवी रेषा दिसली की जाग्या होतात, काही फक्त तिरकी. हे शोधणाऱ्या ह्यूबेल आणि वीझेल यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं. कानाची वाट जास्त थांबे घेत जाते, आणि खाली ब्रेनस्टेममध्येच (मेंदूच्या देठात) दोन्ही कानांचे निरोप एकत्र येतात. उजवीकडून हाक आली तर ती डाव्या कानात फार तर 0.6-0.7 मिलिसेकंद उशिरा पोचते, तेवढ्या फरकावरून आपण मान कुठे वळवायची ते ठरवतो! चवीची वाट मेड्युला (ब्रेनस्टेमचा खालचा भाग), थॅलॅमस आणि मग इन्सुला (मेंदूच्या घडीत दडलेला भाग) अशी. तिखट मात्र या वाटेने जातच नाही, ते जळजळ-वेदनेच्या नसेवरून जातं, आणि वेलचीचा स्वाद म्हणजे मुळात वास. नाक दाबून श्रीखंड खा, गोड-आंबट कळेल, वेलची नाक सोडल्यावरच येईल.

आता मुलगा विचारेल की मेंदूचा तो भाग जन्मतःच 'बघायचा' किंवा 'ऐकायचा' ठरलेला असतो का. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मृगांक सूर यांच्या टीमने नुकत्याच जन्मलेल्या फेरेट नावाच्या छोट्या प्राण्यांमध्ये डोळ्याचे तंतू थॅलॅमसच्या कानाचे निरोप घेणाऱ्या भागाकडे वळवले, आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की त्यांचा ऐकण्याचा भाग रेषांची दिशा ओळखायला लागला होता आणि त्या वाटेने आलेला उजेड ते प्राणी उजेड म्हणूनच घेत होते. म्हणजे वाटेच्या शेवटी काय बसलंय हेही लहानपणी त्या वाटेवरून काय येतं यावर बरंच घडतं.

म्हणूनच एमआयटीतलेच शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांचा प्रोजेक्ट प्रकाश मला फार महत्त्वाचा वाटतो. जन्मापासून मोतीबिंदूमुळे अंध असलेल्या आपल्याकडच्या मुलांची ऑपरेशनं त्यात झाली. डोळा मोकळा झाल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू नुसती बघून ओळखणं त्यांना जमेना, पण काही दिवसांतच जमायला लागलं. तरी नजरेची तीक्ष्णता उशीर झालेल्या मुलांमध्ये पूर्ण येत नाही, त्यामुळे कुणाच्याही बाळाच्या डोळ्यातल्या बाहुलीत पांढरेपणा दिसला तर 'थोडा मोठा झाला की दाखवू' असं म्हणू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.