पाच महिन्यांत म्हातारा झालेला मासा आणि मेंदूच्या गोळ्या

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझ्या मुलाने हौसेने आफ्रिकन किलीफिशची अंडी मागवली होती, ओलसर कोकोपीटमध्ये पिशवीत बांधून आली, पाण्यात सोडल्यावर पिल्लं निघाली आणि बघता बघता मोठी पण झाली. आता पाचव्याच महिन्यात नराचा रंग उतरलाय, पाठ वाकलीय, खाणं समोर पडलं तरी त्याला पटकन कळत नाही. माझे सासरे ७४ वर्षांचे, त्यांचाही विसराळूपणा वाढलाय. एक दुकानदार म्हणाला मेंदूची वाढ करणाऱ्या प्रोटीनच्या गोळ्या मिळतात, याच माशांवर शोध लागलाय. देऊ का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, गोळ्या घेऊ नका, हे आधीच सांगते.

तुमचा मासा आजारी नाही, त्याचं वयच झालंय. हा मूळचा झिम्बाब्वे-मोझांबिककडचा, पावसाने भरणाऱ्या डबक्यांतला. आपल्याकडे माळावरची डबकी उन्हाळ्यात कशी आटतात, तसंच तिकडे होतं, मासे मरतात पण अंडी चिखलात जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. म्हणून सगळं घाईत, टाकीतसुद्धा आयुष्य साधारण चार ते सहा महिने. म्हातारपण असं डोळ्यांदेखत बघायला मिळतं म्हणून शास्त्रज्ञांना तो आवडतो, उंदीर म्हातारा व्हायला दोनेक वर्षं थांबावं लागतं.

आता प्रोटीनचं. बीडीएनएफ नावाचं एक प्रोटीन १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. त्याच्याच घराण्यातलं एनजीएफ त्याच्याही आधी सापडलं होतं, त्यासाठी रीता लेव्ही-माँताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. ही प्रोटीनं चेतापेशी जगवतात, त्यांच्या जोडण्या टिकवतात. इटलीत नेपल्सच्या संशोधकांनी किलीफिशच्या मेंदूतही ही शोधली. माशाचा मेंदू मोठेपणीही नव्या पेशी बनवत राहतो, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण या माशात वय वाढलं की तो वेग घसरतो. मग ही प्रोटीनं तिथे नेमकं काय करतात, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. त्यातून गोळी निघालेली नाही.

आणि निघणार तरी कशी? बीडीएनएफ गिळलं तर पोटात डाळीच्या प्रोटीनसारखंच पचून जातं, आणि रक्तात टोचलं तरी रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवर जो पहारा असतो तो त्याला फारसं आत सोडत नाही. दुकानदाराने हे सांगितलं नसणार आणि मला याचाच राग येतो, घरातल्या माणसाच्या काळजीवर कोणी पैसे कमवू नयेत.

एक अभ्यास मात्र मला फार आवडतो, २०११ चा, अमेरिकेतला. १२० वयस्कर माणसं, त्यातली निम्मी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस झपझप चालली. आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग एरवी या वयात आक्रसत जातो, त्यांचा सुमारे २ टक्के वाढला, आणि ज्यांचा जास्त वाढला त्यांच्या रक्तात बीडीएनएफही जास्त वाढलेलं दिसलं.

पण सासऱ्यांना आधी डॉक्टरांकडे न्या. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, कमी ऐकू येणं, मनातली उदासी, यानेही विसराळूपणा वाढतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. डॉक्टर हो म्हणाले की सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोदापार्कला त्यांना घेऊन जा, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरे.

माशाला खाणं थोडं थोडं, अगदी तोंडाजवळ द्या. आणि मादीने तळातल्या कोकोपीटमध्ये अंडी घातली असतील, टाकी साफ करताना ते फेकू नका.